कोणत्या औषधानं रक्तातली चरबी वाढते, कोणत्या गोळीनं कमी होते? बीपी, शुगर, दमा आणि सांधेदुखीच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

युसूफ वडगाव (ता. केज) : युसूफ वडगाव आणि आसपासच्या गावांत आता बऱ्याच घरांत बीपीची नाहीतर शुगरची गोळी रोजची झाली आहे. केजला किंवा अंबाजोगाईला रक्त तपासलं की रिपोर्टवर ‘लिपिड प्रोफाइल’ असं लिहिलेलं असतं. त्याखाली कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि एलडीएल असे आकडे येतात. आकडा वाढलेला दिसला की घरात पहिला दोष तेलाला, नाहीतर मटणाला दिला जातो. पण रक्तात चरबी नुसती ताटातूनच येते असं नाही. ती अंगातल्या साठ्यातूनही सुटते, आणि हा साठा उघडण्याचं किंवा बंद करण्याचं काम आपण घेतो ती अनेक औषधं करत असतात. काही औषधं हे काम मुद्दाम करतात, तर काहींचं लक्ष भलतीकडेच असतं आणि चरबीवरचा परिणाम आपोआप होतो.

अंगातली कणगी

चरबीची पेशी म्हणजे धान्याची कणगी समजा. सुगीत भरायची, अडचणीत काढायची. एक ग्रॅम चरबीतून 9 कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच साखरेतून किंवा पिठातून 4. म्हणून शरीर जास्तीचं सगळं चरबीच्या रूपानं साठवतं. या साठ्याचं नाव ट्रायग्लिसराइड. त्याच्या एका कणात तीन फॅटी अॅसिड आणि एक ग्लिसरॉल जोडलेलं असतं. गरज पडली की पेशीतले काही पाचक पदार्थ ही जोडणी तोडतात आणि सुटी झालेली फॅटी अॅसिड रक्तात उतरतात. चरबी पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून ती हृदय, स्नायू आणि लिव्हरपर्यंत जाते.

या कणगीचं झाकण दोन हातांत असतं. इन्सुलिन ते बंद करतं, तर अॅड्रेनालिन ते उघडतं. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं आणि साठा आतच राहतो. उपाशी असताना, पळताना, भीती वाटल्यावर किंवा ताप आल्यावर अॅड्रेनालिन वाढतं आणि साठा बाहेर येतो. थायरॉइड, कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक हे मदतनीस, पण मुख्य ओढाताण या दोघांचीच.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्यावी. साठ्यातून सुटलेली ही फॅटी अॅसिड नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मोजलीच जात नाहीत. रिपोर्टमधलं ट्रायग्लिसराइड हे बहुतेक करून लिव्हरनं पुन्हा बांधून रक्तात सोडलेलं, किंवा नुकत्याच जेवणातून आलेलं असतं. मात्र कणगीतून जास्त माल लिव्हरकडे गेला की लिव्हर जास्त ट्रायग्लिसराइड बांधून पाठवतं. म्हणजे झाकण सैल झाल्याची खबर रिपोर्टमध्ये जरा फिरून येते.

बारीक माणसानंही वाचावं

‘आपण काटक, आपल्याला कसली चरबी’ असं शेतकरी माणूस म्हणतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं आयुष्यभराचं काम या समजाच्या उलट जातं. 1993 पासून त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या गावांतली बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. वजन इतकं कमी असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. कमी भरले होते ते स्नायू.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी उभा राहिलेला फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. बाहेरून सारखेच दिसणारे दोन गृहस्थ, पण एकाची कणगी दुपटीपेक्षा मोठी. म्हणून वजनकाट्यावर विसंबून ‘मला गरज नाही’ असं ठरवणं आपल्याकडे धोक्याचं आहे. पोटाचा घेर जास्त खरं सांगतो.

इन्सुलिन : झाकण लावणारं औषध

इन्सुलिन चरबी साठवतं याचा पुरावा हात लावून बघता येतो. रोज पोटावर एकाच जागी सुई टोचली की काही महिन्यांनी तिथे मऊ गाठ येते. ती चरबीचीच गाठ असते. त्या जागी दुखत नाही म्हणून माणसं तिथेच टोचत राहतात, पण गाठीतून औषध नीट रक्तात जात नाही आणि शुगर वरखाली होत राहते. जागा रोज बदलायची, एवढाच उपाय.

खरा धोका इन्सुलिन बंद केल्यावर आहे. लहान वयात होणाऱ्या, म्हणजे टाइप 1 डायबेटिसमध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. सुई थांबली की कणगीचं झाकण सताड उघडतं. फॅटी अॅसिडचा लोंढा लिव्हरवर जातो, लिव्हर त्याचे ‘कीटोन’ बनवतं आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागतं. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आणि मग ग्लानी. हे काही तासांपासून एक-दोन दिवसांत होऊ शकतं. पोट दुखतंय म्हणून अॅसिडिटीची गोळी देऊन घरी थांबलेले रुग्ण याच कारणानं दगावतात. कुणीतरी झाडपाल्याचं औषध दिलं आणि ‘आता सुई बंद करा’ म्हणालं, तर टाइप 1 च्या लेकराच्या बाबतीत ते ऐकणं म्हणजे जीवाशी खेळ. अशी लक्षणं दिसली तर 108 ला फोन करावा. केजच्या किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सलाइन आणि इन्सुलिन दिल्यावर हेच मूल दोन दिवसांत उठून बसतं.

दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या घरांना हे जास्त लागू आहे. फडावर फ्रिज नसतो. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची असते, पण वापरात असलेली बाटली थंड सावलीत साधारण महिनाभर चालते. एकात एक बसणारी दोन मातीची मडकी, मधे ओली वाळू, आणि आत कोरड्या डब्यात बाटली, ही जुनी युक्ती चांगली काम करते. बाटली थेट बर्फात ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं.

उपवास आणि शुगरच्या नव्या गोळ्या

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत आणि तालुक्याच्या मेडिकलवर सर्रास मिळतात. त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि किडनीला त्यांचा फायदा होतो, यात वाद नाही. पण साखर अशी बाहेर गेली की शरीराला उपाशी असल्यासारखं वाटतं, इन्सुलिन उतरतं आणि कणगीतून चरबी सुटू लागते. थोडे कीटोन वाढतात, एरवी त्याचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपवासात, निर्जळी एकादशीला, जुलाब-उलट्या लागल्यावर, किंवा ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवल्यावर. अशा वेळी या गोळ्यांवर असलेल्या माणसाला कीटोनचा आजार होऊ शकतो, आणि यातली फसवी बाब अशी की शुगर मशीनवर आकडा फार वाढलेला दिसत नाही. दोनशेच्या आतबाहेर शुगर बघून घरचे निर्धास्त राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2015 मध्येच याबद्दल इशारा दिला होता. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसांपुरत्या या गोळ्यांचं काय करायचं ते ठरवावं. ऑपरेशन असेल तर त्या काही दिवस आधीच थांबवतात. उपवास आहे हे सांगायला लाजू नये, डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.

पायोग्लिटाझोनचं काम याच्या उलट. ही गोळी चरबी रक्तातून ओढून पुन्हा कणगीत भरते, म्हणून लिव्हरवरचा भार हलका होतो आणि इन्सुलिन नीट लागू पडतं. बदल्यात वजन वाढतं आणि पायावर सूज येते. हृदय कमजोर असलेल्यांना ती देत नाहीत. भारतात जून 2013 मध्ये तिच्यावर बंदी आली होती, आणि इशाऱ्याच्या अटीवर ती पुढच्याच महिन्यात उठली.

‘गुडघ्याची पुडी’ आणि जाड होण्याच्या गोळ्या

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच समजावा. बाजारच्या दिवशी मिळणारी बिननावाची पुडी घेतली आणि वर्षानुवर्षं दुखणारा गुडघा दोन दिवसांत मोकळा झाला, तर तिच्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यायलाच हवा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुटून मिसळलेलं असलं की ‘आयुर्वेदिक’ म्हणून दिलेलं औषधही चमत्कार करतं. अंगावर मांस चढावं म्हणून लग्नाआधी मुलामुलींना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतही हाच प्रकार चालतो. सोबत भूक वाढवणारी सायप्रोहेप्टाडिनची गोळी असते.

स्टिरॉइड चरबीचं वाटपच बदलून टाकतं. हातापायातली चरबी आणि स्नायू झिजतात, आणि तोंड, मानेचा मागचा भाग व पोट फुगतं. गाल भरले म्हणून घरचे खूष होतात, पण ती तब्येत नव्हे. इन्सुलिनचं काम अडतं, शुगर चढते, फॅटी अॅसिड वाढतात आणि ट्रायग्लिसराइडही वर जातं. हाडं ठिसूळ होतात, जखमा लवकर भरत नाहीत.

आणि महिनोन्महिने घेतलेली अशी पुडी हे वाचून एकदम बंद करायची नाही. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिल्यामुळे शरीरानं स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं. अचानक थांबवलं तर बीपी घसरून माणूस कोसळू शकतो. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावं, ते डोस हळूहळू उतरवतात. दमा, सांधेवात किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनीच लिहून दिलेलं स्टिरॉइड ही वेगळी गोष्ट आहे. तिथे फायदा-तोटा तोलून, तपासण्या करत ते दिलेलं असतं.

बीपी, दमा, थायरॉइड

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल ही ‘बीटा ब्लॉकर’ औषधं अॅड्रेनालिनला अडवतात, त्यामुळे कणगीतून चरबी सुटणं कमी होतं. मग रिपोर्ट सुधारायला हवा, नाही का? पण उलट ट्रायग्लिसराइड थोडं वाढतं आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल थोडं उतरतं, कारण रक्तातलं ट्रायग्लिसराइड साफ करण्याचा वेग मंदावतो. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी औषधं, यांचाही असाच बारीकसा परिणाम असतो. हा परिणाम लहान आहे. त्यासाठी बीपीची गोळी सोडणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं. बीटा ब्लॉकर अचानक सोडल्यावर छातीत दुखणं वाढल्याची उदाहरणं डॉक्टरांना चांगली माहीत आहेत.

दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल झाकण उघडणाऱ्यांतलं. पंपातून फार थोडं औषध रक्तात जातं, म्हणून काळजी नको. गोळी किंवा सिरपनं हात थरथरतात, धडधड होते. तो अॅड्रेनालिनसारखाच परिणाम, आणि त्या वेळी चरबीही सुटत असते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना कुणी ‘फॅट बर्नर’ किंवा मेफेंटरमिनचं इंजेक्शन देऊ करत असेल तर तेही याच जातीचं. मेफेंटरमिन हे ऑपरेशनच्या वेळी घसरलेलं बीपी चढवण्यासाठीचं औषध आहे, मैदानावर पळण्यासाठीचं नाही. त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात.

थायरॉइड कमी असेल तर एलडीएल वाढतं. अशा माणसाला थायरॉक्सिनची गोळी सुरू केली की कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं, वेगळी गोळी लागतेच असं नाही. म्हणून कोलेस्टेरॉल पहिल्यांदा वाढलेलं दिसलं की थायरॉइड तपासून घ्यावं. थायरॉइड चांगला असताना वजन उतरवण्यासाठी हीच गोळी खाणं मात्र हृदयाला महागात पडतं.

तंबाखू आणि मिश्री औषधात मोडत नाहीत, पण निकोटिन अॅड्रेनालिन वाढवतं आणि झाकण उघडतं. दिवसभर दाढेखाली गोळी धरणाऱ्याची चरबी दिवसभर थोडीथोडी सुटत राहते. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. ती गावात किती पाळली जाते हे प्रत्येकाला ठाऊक आहे. दारूचा मार्ग वेगळा. ती लिव्हरमध्येच चरबी तयार करवते. ज्यांचं ट्रायग्लिसराइड आधीच 500 च्या वर आहे त्यांना दारूनं ते हजारापलीकडे जाऊन स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. हे पोटदुखीचं दुखणं फार भयंकर असतं.

गर्भपिशवी काढलेल्या बायकांसाठी

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचा विषय राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. चर्चा ऑपरेशनं का झाली यावर झाली, पण पुढच्या तब्येतीवर फारशी झाली नाही. नुसती पिशवी काढली असेल तर बीजकोश काम करत राहतात. पण पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकदम थांबतं, एलडीएल वाढू लागतं आणि चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठते. पस्तिशीतल्या बाईचं हृदय त्या बाबतीत पन्नाशीच्या बाईसारखं होऊ लागतं. डिस्चार्ज कार्डवर काय काढलं ते लिहिलेलं असतं. ते कार्ड शोधून एकदा डॉक्टरांना दाखवावं आणि वर्षातून एकदा शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासावं. हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या की नाही हे त्यावर ठरतं. तोंडानं घेतलेल्या इस्ट्रोजेननं एलडीएल उतरतं, पण ट्रायग्लिसराइड वाढू शकतं.

एचआयव्हीच्या जुन्या उपचारातल्या रुग्णांनाही चरबीचा फटका बसला होता. स्टॅव्ह्युडिन या औषधानं गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे आणि गावात माणूस ओळखू यायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये ते बंद करत जाण्याची शिफारस केली. आताच्या गोळ्यांत हा त्रास नाही, म्हणून जुन्या भीतीनं उपचार टाळू नयेत.

चरबी उतरवणारी औषधं

झाकण बंद करणारं पहिलं औषध म्हणजे नायसिन, ब जीवनसत्त्वातलं एक. मोठ्या डोसनं कोलेस्टेरॉल उतरतं हे 1955 मध्ये कॅनडात दिसलं. पुढे ते कणगीतून फॅटी अॅसिड सुटणंच थांबवतं असं स्वीडनमध्ये सिद्ध झालं. ऐकायला झकास. पण औषध उतरलं की काही तासांत चरबी आधीपेक्षा जास्त उसळते, अंग लाल होऊन आग होते, शुगर वाढते. 25 हजारांहून जास्त रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत स्टॅटिनला नायसिन जोडून हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. आकडा सुधारला, माणसाचा फायदा झाला नाही.

स्टॅटिन कणगीकडे बघतच नाही. अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनणं रोखतात, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. या औषधांचा शोध जपानच्या अकिरा एंडो यांचा. शेतकरी घरातला हा माणूस बुरशीत औषध शोधत होता, आणि क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना ते सापडलं. हार्ट अटॅक आणि लकवा कमी करण्याचा पुरावा स्टॅटिनइतका दुसऱ्या कुठल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीमागे नाही. काहींचं अंग दुखतं. लघवी चहासारखी काळपट झाली तर लगेच दाखवावं. गरोदरपणात ही गोळी सहसा बंद करतात. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडली तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा जागेवर येतो. ट्रायग्लिसराइड फारच वाढलं असेल तर फेनोफायब्रेट देतात.

गुग्गुळाबद्दल विचारणारे बरेच आहेत. बनारसच्या डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी 1960 च्या दशकात सशांवर प्रयोग करून त्याकडे लक्ष वेधलं, आणि पुढे त्यापासून भारतात औषधही निघालं. मात्र 2003 मध्ये अमेरिकेत 103 जणांवर झालेल्या चाचणीत एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलंच. त्यामुळे स्टॅटिनच्या जागी गुग्गुळ घेणं पुराव्याला धरून नाही.

तपासणी कुठे, कशी

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बाहेरून गोळ्या घ्यायच्या असतील तर जनऔषधी केंद्रात त्याच नावाचं औषध बरंच स्वस्त पडतं. लिपिड प्रोफाइलला जाताना रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास काही खाऊ नये. पाणी चालतं, रोजची बीपीची गोळीही चालते, पण सकाळचा दुधाचा चहा आणि तंबाखू नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं नसतं, ते तपासणीनंतर जेवणाबरोबर घ्यावं. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पुड्या आणि चूर्णाच्या डब्यांसकट, एका पिशवीत घालून न्याव्यात, किंवा मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. ऊसतोडीला निघणाऱ्यांनी निघण्याआधी सरकारी दवाखान्यातून पुढच्या महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यात तीच औषधं पुढे चालू ठेवता येतात.